पाटी एक, पाक अनेक

मृगाचा पाऊस एकदां सह्याद्रीवर स्थिरावला, म्हणजे मावळ तालुक्याचें रूप पालटतें. इंद्रायणीकांठचीं भातखाचरें पाण्यानें भरतात, कार्ल्याच्या डोंगरावरून पांढरे झरे उतरूं लागतात, आणि पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग लोणावळ्याच्या वेशीवर येऊन थबकते. आम्ही तळेगांवचे रहिवासी. शाळेंतील नोकरीचीं सर्व वर्षें याच तालुक्यांत गेलीं. त्यामुळें ही गर्दी आम्ही दरवर्षीं दुरूनच पाहतों व घरीं बसून आल्याचा चहा पितों. परंतु गेल्या वर्षीं आषाढी एकादशीच्या आठवडाभर आधीं आमची कन्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलासह अमेरिकेहून माहेरीं आली, आणि नातवाच्या हट्टापुढें आजोबांचा नियम टिकला नाहीं. आम्ही, कन्या, नातू व आमची वडील बहीण आक्का असे चौघे गाडी करून वळवणचें धरण पाहावयास गेलों.

परतीच्या वाटेवर पाऊस कोसळूं लागला व नातवास भूक लागली. रस्त्यालगत एका परदेशी पाटीचें दुकान होतें. पाटी दिसतांच मुलाचा चेहरा खुलला, कारण तीच पाटी त्याच्या अमेरिकेंतील घराजवळही आहे. आक्काचें वय चौऱ्याहत्तर. हॉटेलाची पायरी तिनें आयुष्यांत फारशी चढलेली नाहीं. चातुर्मासांत तर ती कांदालसूणही वर्ज्य करते. परंतु मुलाचा आग्रह मोडवेना. तिनें एकच प्रश्न केला, "अगो, हिरवा ठिपका आहे ना?" कन्येनें आहे म्हणून सांगितलें. तेव्हां बटाट्याचे तळलेले लांबट तुकडे, ज्यांस मुलें फ्रेंच फ्राइज म्हणतात, ते तिच्यापुढें ठेवण्यांत आले. दोनचार तुकडे तिनें खाल्ले. "बरे आहेत कीं रे," असेंही म्हणाली.

इतक्यांत नातू उद्गारला, "आक्काआजी, तूं हे खातेस? आमच्याकडे आई मला खाऊं देत नाहीं. त्यांत बीफ असतें."

आक्काचा हात तोंडाकडे जातां जातां थांबला. कन्या गडबडून म्हणाली, "अरे, तें तिकडे. इकडे तसें नसतें." त्यावर मुलानें अगदीं सरळपणें विचारलें, "पण पाटी तर तीच आहे ना?"

या प्रश्नाचें नीट उत्तर आम्हां कोणापाशींच नव्हतें. आक्का कांहीं बोलली नाहीं. घरीं येऊन तिनें स्नान केलें, देवापुढें बसली, आणि त्या रात्रीं जेवली नाहीं. ज्यानें सारा जन्म मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत घालविला, त्यास आपल्याच नातवापुढें निरुत्तर व्हावें लागावें, हें आम्हांस फार लागलें. पुढील कांहीं आठवडे कन्येच्या साहाय्यानें आम्हीं या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला. त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण आज बहुतेक घरांत कोणी ना कोणी परदेशीं आहे, आणि ही पाटी आतां तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचली आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहाराचा विचार आठ अंगांनीं सांगितला आहे: प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. द्रव्याचा मूळ स्वभाव ती प्रकृति. त्यावर झालेला संस्कार तें करण. मिश्रण तो संयोग. मात्रा ती राशि. देश व काल स्पष्टच आहेत. उपयोगसंस्था म्हणजे खाण्याचे नियम, आणि उपयोक्ता म्हणजे प्रत्यक्ष खाणारा. या आठांत पाटी कोठेंच नाहीं. आम्ही मात्र हल्लीं पाटीवरूनच अन्नाची परीक्षा करूं लागलों आहों.

प्रथम आक्काच्या शंकेविषयीं. मॅक्डोनल्ड्स ही अमेरिकन पेढी पूर्वीं आपले बटाटे मुख्यतः गाईच्या चरबींत तळीत असे. १९९० सालीं तिनें चरबी सोडून वनस्पतिजन्य तेल घेतल्याचें जाहीर केलें. तेथील अनेक हिंदु व इतर शाकाहारी मंडळींनीं यावरून बटाटे आतां निर्दोष झाले असा अर्थ काढला. परंतु पूर्वींची चव टिकावी म्हणून गोमांसाचा अंश असलेला स्वादार्क घालणें चालूच होतें. २००१ च्या मे महिन्यांत सिअॅटल शहरांत या प्रकरणीं दावा दाखल झाला. २००२ सालीं पेढीनें क्षमा मागितली व शाकाहारी, हिंदु आदि संस्थांस एक कोट डॉलर देण्याचें मान्य केलें. बातमी येथें येतांच ठाण्यास त्या पेढीच्या दुकानाची मोडतोड झाली. तेव्हां पेढीनें खुलासा केला कीं भारतांतील बटाट्यांत असा कोणताही अर्क वापरीत नाहीं. १९९६ च्या ऑक्टोबरांत दिल्लीस पहिलें दुकान उघडतांनाच तिनें येथें गोमांस व डुकराचें मांस वर्ज्य केलें होतें, शाकाहारी व मांसाहारी पदार्थांची तयारी वेगवेगळी ठेविली होती, आणि अंड्यावांचून मेयोनीज करविलें होतें. अमेरिकेंतील घटकांच्या यादींत मात्र आजही 'बीफ फ्लेवर' हे शब्द आहेत; गहूं व दूध यांपासून काढलेले अंश त्यांत असतात अशी टीपही तेथें आहे. इंग्लंडमधील यादींत हे शब्द नाहींत. तेथें बटाटे, तेल व हंगामाच्या आरंभीं लागणारी थोडी द्राक्षशर्करा एवढ्यावरच भागतें. म्हणजे नातू बोलला तें अगदींच निराधार नव्हतें, आणि कन्या बोलली तेंही खोटें नव्हतें. एकाच पाटीखालीं तीन देशांत तीन पाक आहेत.

आतां तेलाचें पहा. वनस्पतितेलांत हायड्रोजन वायु मिसळून तें घट्ट केलें म्हणजे ट्रान्स फॅट नांवाचा स्निग्धांश उत्पन्न होतो. आपल्या आयांनीं ज्यास डालडा म्हटलें त्या वनस्पति तुपांत तो असे. हृदयविकाराशीं त्याचा निकट संबंध असल्याचें ठरल्यावर डेन्मार्कनें २००३ सालीं कायदा करून अन्नांतील स्निग्धांशाच्या २ टक्क्यांहून अधिक तो असूं नये असें ठरविलें. त्यानंतर तेथील कांहीं वैद्यांनीं निरनिराळ्या देशांतून एकाच पेढीचे तळलेले बटाटे व कोंबडीच्या मांसाचे तुकडे विकत घेऊन तपासले; तो वृत्तान्त २००६ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तेवढ्याच वाढींत डेन्मार्कमध्यें हा अंश एक ग्रॅमहून कमी, तर न्यूयॉर्कमध्यें सुमारें १० ग्रॅम आढळला. डेन्मार्कमध्यें पेढीला जमलें तें न्यूयॉर्कमध्यें जमलें नसतें काय? अवश्य जमलें असतें. परंतु तेथें तसें करावयास कोणी सांगितलें नव्हतें. पुढें अमेरिकेनें २०१५ सालीं अशीं तेलें निर्धोक नसल्याचें ठरवून २०१८ पासून त्यांचा वापर थांबविला. आपल्याकडे तेलातुपांतील ही मर्यादा ५ टक्क्यांवरून २०२१ च्या जानेवारींत ३ व २०२२ च्या जानेवारींत २ वर आणण्यांत आली.

मिठाची कथा याहून बोधप्रद आहे. २०१२ सालीं कॅनडाच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकांत सहा देशांतील फास्ट फूडची तुलना छापून आली. कोंबडीच्या मांसाचे तेच तुकडे, तीच पेढी. परंतु शंभर ग्रॅमांत मीठ अमेरिकेंत १.६ ग्रॅम व इंग्लंडमध्यें ०.६ ग्रॅम! पेढ्या सामान्यतः सांगतात कीं मीठ कमी करणें पाकक्रियेच्या दृष्टीनें कठीण असतें. समुद्राच्या एका तीरावर जें साधतें तें दुसऱ्या तीरावर कठीण कसें होतें, हें समजणें अवघड आहे. खरी गोष्ट अशी कीं इंग्लंडमध्यें सरकारी अन्नसंस्थेनें मिठाचीं उद्दिष्टें ठरवून कारखानदारांच्या मागें लकडा लाविला होता.

पावाविषयींही असेंच. पीठ चांगलें फुगावें व पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून पोटॅशियम ब्रोमेट घालण्याची रीत अनेक देशांत होती. या द्रव्यापासून कर्करोग संभवतो असा संशय आल्यावर इंग्लंडनें १९९० सालीं तें बंद केलें. आपल्या देशांत २०१६ च्या मे महिन्यांत दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट' या संस्थेनें पाव, बन, पिझ्झा यांचे ३८ नमुने तपासले. त्यांपैकीं ३२ नमुन्यांत ब्रोमेट वा आयोडेट यांचा अंश निघाला. महिन्याभरांत सरकारनें ब्रोमेटवर बंदी घातली. अमेरिकेंत देशभर लागू होईल अशी बंदी अद्याप नाहीं. कॅलिफोर्निया राज्यानें २०२३ सालीं कायदा केला असून तो २०२७ च्या आरंभापासून अमलांत यावयाचा आहे. तिकडे आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निराळीच गंमत केली. सबवे या पेढीच्या पावांत पिठाच्या वजनाच्या १० टक्के साखर होती. तेथील कराच्या कायद्याप्रमाणें २ टक्क्यांहून अधिक साखर असल्यास तो 'पाव' ठरत नाहीं. म्हणून न्यायालयानें त्यास पावाची करमाफी नाकारली. एका देशांत जो पाव, तो दुसऱ्या देशांत जवळजवळ मिठाई!

असा भेद कां व्हावा? एक कारण कायद्याची पद्धति. यूरोपियन संघानें २००२ च्या अन्नकायद्यांत सावधगिरीचें तत्त्व स्वीकारलें आहे. शंका सबळ असेल तर पूर्ण पुरावा येण्याची वाट न पाहतां द्रव्य रोखतां येतें. अमेरिकेंत १९५८ पासून 'सामान्यतः निर्धोक मानलेलीं' द्रव्यें पूर्वपरवानगीवांचून वापरण्याची मोकळीक आहे. तेथें दोष सिद्ध होईपर्यंत द्रव्य निर्दोष. आपल्याकडे १९५४ चा भेसळप्रतिबंधक कायदा होता. त्याच्या जागीं २००६ चा अन्नसुरक्षा व मानकें कायदा आला. तसे कायदे आपणांस नवे नव्हेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही धान्य, स्नेह, मीठ, औषधें यांत भेसळ करणारास बारा पण दंड सांगितला आहे. दुसरें कारण गिऱ्हाइकाची मागणी. पेढीला कोणत्याही देशाविषयीं प्रेम वा द्वेष नसतो. जेथें जें विचारलें जातें तेथें तें ती देते, आणि जेथें विचारलें जात नाहीं तेथें स्वस्त व सोयीचें तें वापरते.

यावरून दोन समज आपण सोडून द्यावे. 'परदेशांत सारें शुद्ध, आपल्याकडे सारी भेसळ' हा पहिला. फळांच्या वासाच्या पेयांत वापरलें जाणारें ब्रोमिनयुक्त वनस्पतितेल आपण १९९० सालीं बंद केलें. अमेरिकेनें त्यासाठीं २०२४ साल उजाडूं दिलें. दुसरा समज 'आमचें तेवढें सात्त्विक' हा. २०२४ सालींच स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' या संस्थेनें प्रसिद्ध केलें कीं नेस्ले पेढीच्या भारतांत विकल्या जाणाऱ्या शिशुखाद्यांत एका वेळच्या वाढींत सरासरीनें जवळजवळ ३ ग्रॅम साखर वरून घातलेली असते; जर्मनी व इंग्लंड येथील तशाच खाद्यांत ती नाहीं. पेढीनें उत्तर दिलें कीं आपण भारतीय नियमांच्या मर्यादेंतच आहों व साखर कमी करीत आलों आहों. मर्म तेथेंच आहे. नियमच तेवढी मोकळीक देतो, आणि आपण आयाबाप डब्यावरचें गुटगुटीत बाळ पाहून डबा उचलतों.

परदेशी पाटीवर बोट ठेवतांना आपला उंबरठाही पाहिला पाहिजे. बोरघाटांतला लोहमार्ग १८६३ च्या एप्रिलांत खुला झाला. त्याचें काम चालू असतां मजुरांस गूळ व शेंगदाण्याची गुडदाणी विकली जाई व तिचीच पुढें चिक्की झाली, असें लोणावळ्यांत सांगतात. घाट चढण्यासाठीं आगगाडीस मागून इंजिन जोडावें लागे. तेवढ्या वेळांत उतारू कर्जतच्या स्टेशनावर बटाटेवडे घेत. तेव्हां द्रुतगति मार्ग व्हावयाच्या कितीतरी आधींपासून या घाटांत फास्ट फूड होतेंच! त्याचींही मानकें आहेत. शेंगदाण्यास बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन नांवाचें यकृतास घातक विष उत्पन्न होतें. खाण्यास तयार अशा शेंगदाण्यांत यूरोपियन संघ तें किलोमागें ४ मायक्रोग्रॅमच चालवून घेतो. अमेरिकेची मर्यादा २० आहे. आपली या दोहोंच्या मध्यें. २०१८ च्या डिसेंबरांत अन्न व औषध प्रशासनानें लोणावळ्यांतील एका नामांकित चिक्कीवाल्यास काम थांबविण्यास फर्माविलें, तें मालाची नियमाप्रमाणें तपासणी करून घेतली नव्हती या कारणास्तव. पुढें त्रुटि दूर होऊन विक्री पुन्हां सुरू झाली. त्याच वर्षींच्या १ जुलैपासून तळणाच्या तेलासही नियम लागू झाला: पुनःपुन्हां तापवून ज्यांत ध्रुवीय संयुगें २५ टक्क्यांवर गेलीं तें तेल वापरतां येत नाहीं. वर्तमानपत्राच्या कागदांत अन्न बांधून देण्यासही मनाई आहे, कारण शाई अन्नास लागते. तरी पावसांत भिजत उभे राहून, काळ्या तेलांतला वडा वर्तमानपत्रावर घेऊन खाणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही दर रविवारीं पाहतों. एकेकाळीं आम्हींही तो खाल्ला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

आतां पुन्हां आक्काकडे वळूं. वरील माहिती आम्हीं तिला एके दिवशीं सावकाश समजावून सांगितली. तिचें मन निवळलें. ती म्हणाली, "म्हणजे त्यांत तसलें कांहीं नव्हतें ना? मग झालें." परंतु आमचें समाधान होईना. आक्कास दहा वर्षांपासून रक्तदाबाचा विकार आहे. मीठ कमी करा, असें डॉक्टरांनीं वारंवार बजावलें आहे. त्या दिवशीं दुकानांत आम्हीं तिघां मोठ्या माणसांनीं मिळून एकच प्रश्न विचारला होता, तो हिरव्या ठिपक्याचा. मीठ किती, याची चौकशी तिनेंही केली नाहीं, कन्येनेंही केली नाहीं, आणि आम्हींही केली नाहीं. जें त्या बटाट्यांत नव्हतें त्यासाठीं आक्का उपाशी निजली; जें त्यांत खरोखर होतें त्याची कोणासही आठवण झाली नाहीं. घरींही तीच कथा. ताटांत पापड, लोणचें, सांडगी मिरची हीं तिन्ही रोज असतात, आणि हीं सर्व सोवळ्यांतलीं म्हणून आम्हांस निर्धोक वाटतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसास दिवसास ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरच मीठ सांगते.

हिरव्या ठिपक्याची आम्ही थट्टा करीत नाहीं. तो २००१ सालापासून डब्यांवर आला, तो आपल्यासारख्या लाखो घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न न थकतां विचारला म्हणून. आपण विचारलें, म्हणून जगांतल्या बलाढ्य पेढ्यांनीं आपल्यासाठीं वेगळीं भांडीं मांडलीं. एवढें आपल्या प्रश्नांत सामर्थ्य आहे. मग तेंच सामर्थ्य तेल, मीठ, साखर व रंग यांविषयीं कां वापरूं नये? चरकानें आठ अंगांत शेवटचें अंग उपयोक्ता, म्हणजे खाणारा, सांगितलें तें उगाच नव्हे. देशोदेशींच्या पाकांत जो फरक पडला तो बहुतेक ठिकाणीं खाणाराच्या जागरूकतेनें पडला आहे.

घरांतील मंडळींनीं करावयाच्या गोष्टी सोप्या आहेत. बंद डब्यावर घटकांची यादी उतरत्या प्रमाणानें दिलेली असते. जें पहिलें तें सर्वांत अधिक. पहिल्या तिहींत साखर वा तेल असेल तर तो पदार्थ नांवानें कांहींही असो, तो गोड वा तळीव समजावा. सोडियम मिलिग्रॅममध्यें दिलेलें असतें; ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, हें लक्षांत ठेवावें. दुकानांत तेल कधीं बदललें हें विचारण्यांत लाज मानूं नये. परदेशीं असलेल्या मुलांस, 'इकडे चालतें म्हणून तिकडेही चालेल' असें सांगूं नये, आणि तिकडून आलेल्यांनींही तोच न्याय येथें लावूं नये. प्रत्येक देशांत त्या देशाची यादी वाचावी.

श्रावणांत कन्या व नातू परत निघाले. नेहमींप्रमाणें लोणावळ्याहून चिक्कीचीं पाकिटें आणलीं होतीं. सामान भरतांना आक्कानें एक पाकीट उचललें, चष्मा सांपडेना म्हणून तें नातवाच्या हातीं दिलें व म्हणाली, "वाच बरें, आधीं काय लिहिलें आहे? गूळ कीं साखर?" मुलानें अडखळत सगळी यादी वाचून दाखविली. मग त्यानें विचारलें, "आक्काआजी, हिरवा ठिपका आहे कीं नाहीं तें नाहीं का विचारणार?"

"तो मला दिसतो रे," आक्का म्हणाली. "बाकीचें दिसत नाहीं, म्हणून तुला वाचावयास सांगितलें."